रेकॉर्डिंगमधून हरवणारी अक्षरे



रमजानमध्ये ईशा आणि तरावीहची वेळ म्हणजेच टीव्हीवरच्या रात्रीच्या कार्यक्रमांची वेळ. त्यामुळे पुष्कळ घरांत आवडीचा कार्यक्रम रेकॉर्ड करून ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी सवडीने पाहतात. बहुतेकांसाठी ही सोय पुरेशी असते. पण ज्या घरात दादीला किंवा नानांना कमी ऐकू येते, किंवा एखादे मूल जन्मतः बहिरे आहे, तिथे एक अडचण हमखास पुढे येते. कार्यक्रम चालू असताना पडद्याखाली अक्षरे दिसत होती, रेकॉर्डिंगमध्ये मात्र ती नाहीत. चित्र आहे, आवाज आहे, पण ज्याला आवाजाचा उपयोग नाही त्याच्या वाट्याचे तेवढे गेले.

हे असे का होते ते समजून घेतले, तर उपायही सापडतो.

पडद्यावरची अक्षरे, म्हणजे सबटायटल, दोन प्रकारची असतात. पहिल्या प्रकारात अक्षरे चित्रावरच छापलेली असतात. कापडावर छापलेल्या नक्षीसारखी ती चित्रापासून वेगळी होत नाहीत. आपल्याकडे मराठी चित्रपटांखाली इंग्रजी ओळी दिसतात, त्या बहुधा याच प्रकारच्या. चित्र रेकॉर्ड झाले की त्या आपोआप रेकॉर्ड होतात. त्या बंद करता येत नाहीत, पण हरवतही नाहीत.

दुसऱ्या प्रकारात अक्षरे चित्रासोबत पण वेगळी पाठवली जातात आणि रिमोटने चालू-बंद करता येतात. डिजिटल प्रसारणात चित्र, आवाज आणि अक्षरे यांचे १८८ बाइटचे लहान लहान तुकडे करून एकाच प्रवाहात सोडतात. प्रत्येक तुकड्यावर क्रमांक असतो. एकाच ट्रकमधून तीन दुकानांचा माल यावा आणि गोणीवरच्या खुणेवरून तो वेगळा करावा, तसेच हे काम आहे. सेट-टॉप बॉक्स क्रमांक पाहून चित्राचे तुकडे एकीकडे, आवाजाचे दुसरीकडे आणि अक्षरांचे तिसरीकडे नेतो. रेकॉर्डरने सगळा माल जसाच्या तसा साठवला, तर अक्षरे नंतरही मिळतात. त्याने फक्त चित्र आणि आवाज उचलला, तर अक्षरांची गोणी रस्त्यातच राहते आणि मागाहून ती परत आणता येत नाही.

ही अडचण नवी नाही. ब्रिटनमध्ये बीबीसीने १९७४ मध्ये सीफॅक्स ही टेलिटेक्स्ट सेवा सुरू केली. पुढे तिकडे ८८८ क्रमांकाचे पान उघडले की कार्यक्रमाची सबटायटल दिसू लागली. पण साध्या व्हीएचएस कॅसेटला तो वेगवान संदेश नीट टिपता येत नसे, म्हणून टेपवरून ती अक्षरे गायब होत किंवा विस्कटत. अमेरिकेत अक्षरे चित्राच्या २१ व्या ओळीत संथ गतीने पाठवली जात, त्यामुळे ती त्याच कॅसेटवर टिकत. शिवाय तिथे १९९० मध्ये कायदा झाला आणि जुलै १९९३ पासून १३ इंच व त्याहून मोठ्या टीव्हीत ही अक्षरे दाखवण्याची सोय सक्तीची झाली. म्हणजे न ऐकू येणाऱ्या माणसाला रेकॉर्डिंग पाहता येईल की नाही, हे यंत्र बनवणाऱ्याने आणि कायदा करणाऱ्याने आधी त्याचा विचार केला होता का, यावर ठरते.

आता घरातल्या यंत्राकडे येऊ.

रेकॉर्डर किंवा रेकॉर्डिंगची सोय असलेला बॉक्स घेण्यापूर्वी दुकानातच पाच मिनिटांची चाचणी घ्या. सबटायटल असलेला कार्यक्रम लावा, रेकॉर्ड करा आणि लगेच चालवून पाहा. अक्षरे दिसली, तर ती बंद करून पुन्हा चालू करून पाहा. चालू-बंद झाली, तर ती वेगळी साठवली गेली आहेत. काही यंत्रांच्या सेटिंगमध्ये सबटायटल रेकॉर्ड करण्याचा पर्याय वेगळा असतो. तो शोधून एकदाच चालू करून ठेवा.

बॉक्सच्या एचडीएमआय किंवा एव्ही जोडणीतून दुसऱ्या यंत्रावर रेकॉर्ड करत असाल, तर तिथे तयार चित्र आणि आवाजच पोहोचतो. अशा वेळी रेकॉर्डिंग सुरू करण्याआधी बॉक्सवर सबटायटल चालू करा. मग अक्षरे चित्रावर छापली जातील आणि कायमची राहतील.

डीटीएच बॉक्सला पेनड्राइव्ह लावून केलेले रेकॉर्डिंग बहुधा कुलूपबंद असते आणि त्याच बॉक्सवर चालते. ते संगणकावर उघडले नाही, तर पेनड्राइव्ह बिघडला असे समजून तो पुसून टाकू नका.

संगणकाच्या टीव्ही कार्डावर मोफत वाहिन्या रेकॉर्ड केल्या, तर फाइलच्या नावाशेवटी बहुधा टीएस ही अक्षरे असतात. ती मूळ फाइल जपून ठेवा. जागा वाचवण्यासाठी तिचे एमपी-४ मध्ये रूपांतर केले, की वेगळी सबटायटल सहसा गळतात. ही फाइल व्हीएलसीमध्ये उघडून वरच्या सबटायटल मेनूत ट्रॅक निवडा, किंवा कीबोर्डवरचे व्ही हे बटण दाबा. अक्षरे बोलण्याच्या पुढे-मागे होत असतील, तर जी आणि एच या बटणांनी ती जुळवून घेता येतात.

आणखी एक काम घरातली तरुण मुले-मुली सहज करू शकतील. मोहल्ल्यातल्या बयानाचे किंवा इज्तेमातल्या भाषणाचे रेकॉर्डिंग अनेकांच्या फोनमध्ये असते. ऐकू न येणाऱ्या खालाला त्यातले काहीच कळत नाही. एसआरटी नावाची साधी मजकूर फाइल नोटपॅडमध्येही बनते. त्यात आधी अनुक्रमांक, मग ओळ केव्हा दिसावी आणि केव्हा जावी ती वेळ, मग मराठी वाक्य, आणि मग एक रिकामी ओळ. फाइल साठवताना यूटीएफ-८ हा पर्याय निवडा, नाहीतर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हे दिसतात. व्हिडिओचे आणि या फाइलचे नाव एकच ठेवून दोन्ही एका फोल्डरमध्ये ठेवली, की व्हीएलसी अक्षरे आपोआप दाखवते. कुरआनच्या आयतींचा किंवा हदीसचा अर्थ लिहिला असेल, तर तो आधी जाणकार आलिमांना दाखवून घ्यावा.

ही अक्षरे ज्यांना उत्तम ऐकू येते त्यांच्याही उपयोगाची आहेत. अहमदाबादच्या आयआयएममधील ब्रिज कोठारी यांनी १९९६ मध्ये एक कल्पना मांडली, की गाणे ज्या भाषेत आहे त्याच भाषेत त्याचे शब्द पडद्यावर दाखवावेत. पुढे दूरदर्शनवरच्या गाण्यांच्या कार्यक्रमांत ती प्रत्यक्षात आली. कानावर पडणारा शब्द त्याच क्षणी डोळ्यांपुढे आला, की अडखळत वाचणाऱ्याचे वाचन सुधारते. घरात उर्दू किंवा दखनी बोलणाऱ्या आणि शाळेत मराठी शिकणाऱ्या आपल्या मुलांना मराठी अक्षरांचा हा सराव नक्कीच उपयोगी पडेल.

जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार साठीच्या पुढच्या लोकांपैकी २५ टक्क्यांहून अधिक जणांना त्रासदायक प्रमाणात कमी ऐकू येते. आपल्या देशात २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात श्रवणदोष असलेल्यांना टीव्ही कार्यक्रम सांकेतिक भाषेसह किंवा सबटायटलसह मिळावेत, अशी तरतूद आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये त्यासाठीचे मानकही ठरले. तरीही मराठी मालिकेखाली मराठी अक्षरे क्वचितच दिसतात. वाहिनीला पत्र किंवा ईमेल पाठवून ती मागणे हा आपला हक्क आहे. मागणी गेली नाही, तर गरज आहे हे त्यांना कळणार कसे?

सूरह अबस कोणत्या प्रसंगी अवतरली, हे आपण जाणतो. हजरत अब्दुल्लाह इब्ने उम्मे मक्तूम (रजि.) दृष्टिहीन होते. शिकण्याच्या ओढीने आलेल्या या सहाबींकडे आधी लक्ष द्यायला हवे, ही शिकवण खुद्द वहीने दिली. पुढे त्यांच्याकडे अजान देण्याची जबाबदारी आली, आणि प्रेषित (स.) मदीनेबाहेर गेले असता अनेकदा मदीनेचा कारभारही आला. म्हणजे दयेपुरते थांबायचे नाही, तर त्या माणसाला सगळ्यांच्या बरोबरीने सामील करून घ्यायचे.

टीव्ही पाहताना दादी मधेच “काय म्हणाला?” विचारते आणि कुणीतरी “नंतर सांगतो” म्हणते. ते नंतर बहुधा येतच नाही. हळूहळू दादी विचारणे सोडते, आणि घरच्यांना वाटते की तिला आता कशात रस राहिलेला नाही. या ईदच्या सुट्टीत घरातल्या रिमोटवर सबटायटलचे बटण कुठे आहे, तेवढे शोधून ठेवा आणि ते दाबायला दादीलाही शिकवा.

अल्लाह आपल्याला आपल्या वडीलधाऱ्यांची खिदमत करण्याची तौफीक देवो. आमीन. वस्सलाम.