अठरा पूर्ण झाली, जबाबदारी संपली?

मुलाला अठरा पूर्ण झाली की मताचा अधिकार मिळतो, वाहन परवाना मिळतो आणि आपण निश्चिंत होतो. मेंदू मात्र साधारण पंचविशीपर्यंत घडत असतो. परिणामांचा विचार करून मनाला आवर घालणारा, कपाळामागचा भाग सर्वांत शेवटी परिपक्व होतो. मौजेची ओढ त्याआधीच जोरात असते. म्हणून या वयात जडलेले व्यसन सुटणे अधिक अवघड.

कायद्यातही वयाची अट आहे. मध्यप्रदेशात २१ वर्षांखालील कोणालाही दारू विकता येत नाही. महाराष्ट्रात कडक मद्यासाठी ही मर्यादा २५ आहे. शिक्षणसंस्थांपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूविक्रीला २००३ च्या कायद्याने बंदी आहे. अंमलबजावणी कुठे आहे? मते मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला इंदूरच्या मराठी कुटुंबांनी हे विचारलेच पाहिजे.

पण दोष केवळ सरकारचा नाही. ‘घराण्याचे नाव जाईल’ म्हणून आपणच गोष्ट झाकतो आणि उपचाराची मोलाची वर्षे वाया घालवतो. १४४४६ या राष्ट्रीय क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो. गेलेले नाव पुन्हा मिळवता येते. मुलांची ही वर्षे परत येत नाहीत.