पट्ट्या जोडायचं मशीन घेताय? आधी घड्याळ आणि मॉइश्चर मीटर घ्या

लाकडाच्या पट्ट्यांपासून पॅनेल बनवण्याच्या धंद्याबद्दल हल्ली खूप जण विचारतात. वाशिम, रिसोड, कारंजा, सगळीकडून प्रश्न एकच: "सर, गम लावण्यापासून प्रेस करण्यापर्यंत सगळं ऑटोमॅटिक करणारं मशीन कोणतं घेऊ?"

माझं उत्तर बऱ्याच जणांना आवडत नाही. मी सांगतो, आत्ता कोणतंच घेऊ नका. ऑटोमेशन वाईट नाही, पण कुठे वेळ जातो आणि माल कुठे खराब होतो हे मोजल्याशिवाय घेतलेलं मशीन तुमचा धंदा चालवत नाही, फक्त हप्ता चालू करतं.

हप्त्याचा हिशेब बघा. समजा २० लाखांचं कर्ज, ११ टक्के व्याज, ७ वर्षांची मुदत. महिन्याला साधारण ३४ हजार रुपये. ऑर्डर असो वा नसो. कुणी म्हणेल, पीएमईजीपीची सबसिडी आहे ना! आहे, ग्रामीण भागात खुल्या गटाला २५ टक्के आणि विशेष गटाला ३५ टक्के. पण ती रक्कम तुमच्या हातात येत नाही. बँकेत तीन वर्षं ठेव म्हणून राहते आणि युनिट चालू असेल तरच कर्जात वळती होते. म्हणजे सबसिडी मिळवायची तर तीन वर्षं टिकायला हवं.

आता कामाकडे या. हे काम दिसतं सोपं: पट्ट्या रंधून घ्या, कडेला गम लावा, क्लॅम्पमध्ये आवळा, वाळू द्या, सँडिंग करा. एक उदाहरण घेऊ. पट्ट्या रंधून तयार आहेत. एका पॅनेलला गम लावायला ६ मिनिटं, क्लॅम्प आवळायला ९ मिनिटं, गम धरेपर्यंत ६० मिनिटं, सँडिंगला २० मिनिटं. माणसाचं खरं काम ३५ मिनिटांचं. पण क्लॅम्पचा संच एकच असेल, तर एका पॅनेलमागे ७५ मिनिटं अडतात. आठ तासांत ६ पॅनेल.

आता दुसरा संच आणा. ६ चे १२ झाले! तोच माणूस, तीच जागा. तिसरा संच आणला तर? फार तर एखादं पॅनेल वाढेल, कारण ३५ मिनिटांच्या हिशेबाने एका माणसाच्या हातून दिवसाला १३ च होतात. आता अडथळा सँडिंगचा आहे. म्हणजे ज्याने लाखोंचं ऑटोमॅटिक प्रेस घेतलं, त्याचा माल सँडिंगपुढे पडून राहणार. तुमचे आकडे वेगळे येतील, पण मोबाईलचं स्टॉपवॉच लावून आठ दिवस मोजा. कुठलं मशीन पहिलं घ्यायचं हे विक्रेत्याला विचारायची गरज राहणार नाही.

दुसरी गोष्ट आपल्या हवामानाची. लाकूड हवेतली ओल घेतं आणि सोडतं. पावसाळ्यात ८० टक्के आर्द्रतेत उघडं राहिलेलं लाकूड १५-१६ टक्के ओलाव्यावर जातं. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत तेच ५-६ टक्क्यांवर येतं. एवढ्या फरकाने दोन फूट रुंदीचं सागाचं पॅनेल, पट्टी कशी कापली आहे त्यानुसार, साधारण ५ ते ११ मिलिमीटर आकसतं. ऑगस्टमध्ये जोडलेलं पॅनेल चौकटीत घट्ट बसवलं असेल तर मे महिन्यात तडकणार, आणि गिऱ्हाईक तुमच्या दारात उभं राहणार. चुकीच्या ओलाव्याचं लाकूड ऑटोमॅटिक मशीनमध्ये घातलं तर तडकणारी पॅनेलं जास्त वेगाने तयार होतील, एवढंच.

म्हणून पहिली खरेदी मॉइश्चर मीटरची. काही हजारांत मिळतो. पट्ट्या ८ ते १२ टक्क्यांत आल्याशिवाय जोडायच्या नाहीत, आणि एका पॅनेलमधल्या पट्ट्यांत दोन टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको. उन्हाळ्यात पांढऱ्या गमवर पटकन साय धरते, म्हणून जोडणी सकाळी लवकर उरकायची.

मग प्रेस कधी घ्यायचं? दोन संच रोज भरलेले आहेत, सँडिंगची सोय झाली आहे आणि सलग तीन महिने ऑर्डर तुमच्या क्षमतेपेक्षा जास्त येतात, तेव्हा बिनधास्त घ्या. प्रेसचा खरा फायदा दाबात आहे. चार फूट लांब, दोन सेंटिमीटर जाड सांध्याचं क्षेत्र साधारण २४० चौरस सेंटिमीटर. कठीण लाकडाला चौरस सेंटिमीटरला १० किलो दाब धरला तरी २,४०० किलो झाले. हाताने आवळलेला क्लॅम्प ४०० किलो देत असेल तर सहा लागतात, आणि संध्याकाळी दमलेला हात सकाळइतका आवळत नाही. हायड्रॉलिक प्रेसचा दाब काट्यावर दिसतो, दर वेळी तोच मिळतो. पैसे त्याचे द्यायचे.

बाजाराचंही बघा. केरळात चीक संपलेली रबराची झाडं तोडून, छोटे तुकडे फिंगर जॉइंटने जोडून मोठी पॅनेलं बनतात आणि देशभर जातात. त्यांच्याशी भावात स्पर्धा करू नका. तुमच्या भागातल्या सागाच्या, आंब्याच्या कटपीसचं, गिऱ्हाइकाच्या मापाचं पॅनेल द्या. मात्र लाकडाची बिलं आणि वाहतुकीचे कागद जपा. आरागिरणीला वन विभागाचा परवाना लागतो, त्यामुळे तुमच्या कामाला काय लागेल हे सुरू करण्याआधी वन विभागाच्या कार्यालयात लेखी विचारून घ्या.

सुरुवात छोटी करायची असेल तर पीएम विश्वकर्मा योजनेत सुतारकाम आहे: अवजारांसाठी १५ हजार, आणि ५ टक्के व्याजाने आधी १ लाख, ते फेडल्यावर २ लाखांपर्यंत कर्ज. दोन क्लॅम्प संच, मीटर आणि पहिल्या लाकडाची सुरुवात यात होऊ शकते.

या आठवड्यात एकच करा. जवळच्या सुताराकडे जाऊन बसा, त्याची परवानगी घेऊन पाच पॅनेलांचा वेळ वहीत लिहा. ती वही घेऊन मग जिल्हा उद्योग केंद्रात जा. कोटेशन नंतर. भेटू पुढच्या व्हिडिओत!