बिऱ्हाड हलविण्यापूर्वीं

वार्षिक परीक्षा आटोपल्या कीं परभणी जिल्ह्यांतील कित्येक सुशिक्षित घरांत दरवर्षीं एकच विषय निघतो. थोरला मुलगा वाळूजच्या कारखान्यांत लागलेला असतो, धाकटी सून चिकलठाण्याकडे नोकरी करीत असते, नातवंडांच्या पुढील शिक्षणाची चिंता असते. आणि सेलू, गंगाखेड, पाथरी किंवा खुद्द परभणी सोडून सर्वांनींच छत्रपती संभाजीनगरास जावें काय, असा प्रश्न वडील माणसांपुढें येऊन उभा राहतो. मग चर्चा होते ती बहुधा खोल्या किती व किंमत किती, येवढ्यावरच येऊन थांबते. आमच्या मतें हा क्रम उलटा आहे. आधीं वसाहत पाहावी, घर मागाहून पाहावें. घरांतील उणीव गवंडी-सुतार लावून पुष्कळशी भरून काढतां येते. परंतु वसाहतींत नसलेलें मैदान, नसलेली शाळा आणि नसलेलें पाणी कोणत्याही गवंड्यास बांधून देतां येत नाहीं.

योजून वसविलेल्या वसाहतीची कल्पना आपणांस परकी नाहीं. १८९६ सालीं मुंबईंत प्लेगनें हाहाकार केला, तेव्हां दाट वस्ती व कोंदट खोल्या यांचें मोल किती भयंकर असतें हें सर्वांसच कळून चुकलें. १८९८ सालीं मुंबईचा सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, आणि पुढें त्याच्या आंखणींतून दादर-माटुंग्याकडे रुंद रस्त्यांच्या व झाडीच्या वसाहती उभ्या राहिल्या. दादरची हिंदू कॉलनी व पारशी कॉलनी या त्यांतल्याच. १९१५ सालीं रावबहादुर श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकारानें गांवदेवी येथें सारस्वतांची सहकारी गृहसंस्था निघाली. घरमालकाच्या मर्जीवर न राहतां रहिवाशांनींच एकत्र येऊन मालक व्हावें, हा धडा मध्यमवर्गीयांस तिनें घालून दिला.

मराठवाड्यांत हें वारें उशिरां आलें. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता, आणि त्यानंतरही आमचीं गांवें पेठा, गल्ल्या व वाडे यांच्या जुन्या वळणानेंच वाढत राहिलीं. आंखीव वस्ती कशी असते हें परभणीकरांस जवळून पाहावयास मिळालें तें १९७२ सालीं स्थापन झालेल्या कृषि विद्यापीठाच्या आवारांत. संभाजीनगरास (तेव्हांचें औरंगाबाद) हें काम 'सिडको'कडे आलें. ही संस्था १९७० सालीं नवी मुंबई उभारण्याकरितां निघाली होती. तिनेंच त्या दशकापासून औरंगाबादेच्या पूर्व बाजूस नवें शहर वसविण्यास घेतलें. एन-१, एन-२ अशा क्रमांकांनीं भाग पाडले; प्रत्येकांत लहान-मोठीं घरें, मोकळ्या जागा, शाळांच्या व दुकानांच्या जागा राखल्या. मराठवाड्यांतून आलेल्या कित्येक नोकरदारांनीं तेथें बैठीं घरें घेतलीं व मुलें मोठीं होतील तसे वर मजले चढविले. २००६ सालीं तेथील नागरी सेवा महानगरपालिकेकडे गेल्या. पण मूळ आंखणीचा उपयोग रहिवाशांस आजही होतच आहे.

या आंखणीच्या मुळाशीं असलेला विचार साधा आहे. अमेरिकेंतील क्लॅरेन्स पेरी यानें १९२९ सालीं तो सुसंगत मांडला. शाळा वस्तीच्या मध्यभागीं असावी. लहान मुलास तेथें जातांना मोठा रस्ता ओलांडावा लागूं नये. रहदारीचे हमरस्ते वस्तीच्या कडेनें जावे, मधून जाऊं नयेत. आणि नित्याच्या गरजेच्या गोष्टी पायीं गांठतां याव्या, इतकेंच त्याचें सार. शहर नवें असो वा जुनें, ही कसोटी कोठेंही लावून पाहतां येते.

म्हणून आमची पहिली सूचना अशी कीं, वसाहत मोटारींतून पाहूं नये. घरांतील सर्वांत वृद्ध व सर्वांत लहान अशा दोघांस बरोबर घेऊन ती पायीं हिंडावी. देऊळ, वाणी, भाजी, औषधांचें दुकान, डॉक्टर, शाळा आणि बसण्यासारखी सावली, हीं त्या दोघांस न दमतां गांठतां येतात काय, तें पाहावें. एकदां सकाळीं शाळेच्या वेळीं जावें व एकदां रात्रीं नऊनंतर जावें. फाटकाशीं कारंजें आहे, पण फाटकाबाहेर पाऊल टाकतांच मालमोटारींचा रस्ता आहे, अशी वसाहत जाहिरातींत शोभते. तींत आजी-आजोबा कोंडले जातात.

दुसरी गोष्ट पाणी. संभाजीनगरचें पाणी पैठणच्या जायकवाडी धरणांतून येतें, आणि गेलीं कित्येक वर्षें शहराच्या पुष्कळ भागांत नळास तें रोज आलेलें नाहीं. कांहीं दिवसांच्या अंतरानें येत आलें आहे. तेव्हां दलालास न विचारतां शेजारच्या गृहिणीस विचारावें कीं, वैशाखांत नळ किती दिवसांनीं येतो, कूपनलिका कोणत्या महिन्यांत आटते आणि टँकर कोणाच्या खर्चानें येतो. दहा माणसांच्या कुटुंबास टांकी किती लागेल याचा हिशोब घर ठरविण्यापूर्वीं करावा.

तिसरी गोष्ट एकत्र राहण्याची. आजच्या बहुतेक सदनिका आई, बाप व दोन मुलें यांच्या मापानें बांधलेल्या असतात. वाड्यांतील कुटुंब तींत घातलें म्हणजे पहिल्या वर्षीं कुरबूर होते, दुसऱ्या वर्षीं अबोला येतो आणि तिसऱ्या वर्षीं 'एकत्र कुटुंबपद्धतीच वाईट' असा निष्कर्ष निघतो. दोष पद्धतीचा नसून पुष्कळदां जागेचा असतो. एकाच मजल्यावरील दोन लहान सदनिका, किंवा एकाच घराचे दोन मजले, अशी योजना आम्हांस अधिक शहाणपणाची वाटते. प्रत्येक जोडप्यास दार लावून बसतां यावें, आणि महालक्ष्म्यांच्या सणास किंवा श्राद्धपक्षास सर्वांचीं पानें एका ठिकाणीं मांडतां यावीं, या दोन्ही गोष्टी ज्या जागेंत साधतात ती कुटुंबाची जागा. त्याकरितां वसाहतींत सामायिक सभागृह असेल तर फारच उत्तम.

कागदपत्रांविषयीं संकोच बाळगूं नये. मुद्रांकाच्या कागदावर लिहून घेतलेल्या गुंठेवारीच्या तुकड्यांवर आपल्याकडील कित्येकांनीं आयुष्याची पुंजी घातली. अशा वस्त्या नियमित करण्याकरितां २००१ सालीं कायदा करावा लागला आणि २०२१ सालीं त्याची मुदत वाढवावी लागली, यावरूनच त्यांतील गुंता किती मोठा तें समजावें. नव्या बांधकामाची 'महारेरा'कडे नोंदणी आहे काय तें प्रथम पाहावें. २०१६ च्या कायद्यानें नोंदणीकृत करारापूर्वीं किंमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम बांधणाऱ्यास घेतां येत नाहीं. त्यानें किंमत चटई क्षेत्रावर सांगितली पाहिजे, आणि बांधकामांतील मूलभूत दोष ताबा दिल्यापासून पांच वर्षांत आढळल्यास तो विनामूल्य दुरुस्त करून दिला पाहिजे. जुनें घर घ्यावयाचें तर जमीन मालकीची कीं भाडेपट्ट्याची, गृहसंस्थेच्या नांवें जमिनीचें अभिहस्तांतरण झालें कीं नाहीं, हें वकिलाकडून पाहून घ्यावें. वकिलाची फी ही या व्यवहारांतील सर्वांत स्वस्त वस्तु आहे.

आतां एका नाजूक विषयाकडे वळतों. 'आपल्याच लोकांची वसाहत असेल तर बरें', असें आमच्या घरांतून पुष्कळदां ऐकूं येतें. २००५ सालीं सर्वोच्च न्यायालयानें अहमदाबादच्या एका पारशी गृहसंस्थेच्या प्रकरणांत, सभासदत्व स्वतःच्या समाजापुरतें राखणारा उपनियम ग्राह्य धरला. परंतु कायद्यास चालतें तें सर्वच हिताचें असतें असें नाहीं. ज्या पेठा सोडून आपण निघालों, त्यांत कासार, सोनार, शिंपी, मुसलमान अशी सर्वांचीच वस्ती होती, आणि आपल्या वाडवडिलांचे संसार त्या शेजारावर चालले. दुसऱ्यास दार बंद करणें हा अन्याय तर आहेच. त्यांत आपल्याही मुलांचें नुकसान आहे. चार प्रकारच्या घरांत ज्याचें जाणें-येणें नाहीं, तो मुलगा परीक्षेंत पहिला आला तरी व्यवहारांत कच्चाच राहतो. आणि मध्यरात्रीं वडिलांच्या छातींत दुखूं लागलें असतां जो गाडी काढतो तो शेजारी. त्या वेळीं त्याचें गोत्र कोणी विचारीत नाहीं. आपला आहार व आपले कुळाचार आपल्या उंबरठ्याच्या आंत निर्वेध चालतात, येवढें पुरे आहे. शेजाराची परीक्षा करावयाची तर ती स्वच्छतेवरून, गलग्यावरून आणि गृहसंस्थेच्या सभेस किती लोक येतात यावरून करावी.

शेवटीं वडील माणसांविषयीं. स्थलांतराचा निर्णय बहुधा मिळवत्या मुलांत ठरतो व आजीस तो सर्वांत शेवटीं कळतो. वास्तविक दिनक्रम सर्वांत अधिक बदलतो तो तिचाच. मुलगा कचेरींत जातो, नातू शाळेंत जातो. अनोळखी चार भिंतींत दिवसभर बसावयाचें असतें तें तिला. म्हणून तिचें मत पहिल्यानें घ्यावें, आणि गांवाकडील घर एकदम विकूं नये. निवडलेल्या वसाहतींतच एक वर्ष भाड्यानें राहून पाहावें, म्हणजे एक उन्हाळा, एक पावसाळा व एक सणासुदीचा काळ अनुभवास येईल. परभणीहून सेलू, परतूर, जालना करीत आगगाडी थेट तेथवर जाते; येणें-जाणें राखणें कठीण नाहीं. वर्षअखेर आजी कोणाची सोबत न घेतां सकाळीं देवळास जाऊन येऊं लागली असेल, वाटेंत तिला नांवानें हाक मारणाऱ्या चार बायका भेटत असतील, तर त्या वसाहतींत खुशाल घर घ्यावें. तसें झालें नसेल, तर स्वस्त मिळतें म्हणून तेथें गुंतूं नये.