त्यांचा विरोध वाऱ्याला नाही

इंग्लंडच्या नॉरफॉक आणि सफोक किनाऱ्यावरच्या गावकऱ्यांवर एक आरोप सर्रास होतो : यांना स्वच्छ वीज हवी, पण तिची केबल आपल्या शिवारातून जायला नको. समुद्रातल्या पवनचक्क्यांची वीज कुठेतरी जमिनीवर येणारच. त्यासाठी चर खणावा लागेल, उपकेंद्राला जागा द्यावी लागेल. नुसते ‘इथे नको’ म्हणणाऱ्यापाशी याला उत्तर नसते, हे मला मान्य आहे. केबल पुरलेल्या जमिनीत पुन्हा पीक घेता येते, हेही खरे.

पण या लोकांनी प्रत्यक्षात मागितले काय? ‘नॉरफॉक व्हॅनगार्ड’ या समुद्रातल्या पवनप्रकल्पाची वीज हॅपिसबर्गला किनाऱ्यावर येऊन जमिनीखालून सुमारे ६० किलोमीटरवरच्या नेक्टनला जायची होती. वाटेत किनाऱ्याजवळ अवाढव्य रिले स्टेशन नको, डीसी प्रवाह वापरा, असा गावकऱ्यांचा आग्रह होता. २०१८मध्ये कंपनीने तेच केले. रिले स्टेशनची गरज संपली, खोदाईचा पट्टाही अरुंद झाला. याला आडमुठेपणा कसे म्हणायचे?

पुढे एक रहिवासी न्यायालयात गेला. व्हॅनगार्ड आणि तिचा जोडप्रकल्प ‘बोरिआस’ यांच्या उपकेंद्रांचा नेक्टनच्या परिसरावर होणारा एकत्रित परिणाम मंत्र्यांनी विचारातच घेतला नव्हता. फेब्रुवारी २०२१मध्ये उच्च न्यायालयाने परवानगी रद्द केली. ती पुन्हा मिळायला वर्ष गेले. त्या वर्षाचा हिशेब याचिकाकर्त्याकडे मागणे अन्यायाचे आहे. जे मोजायला हवे होते ते न मोजणाऱ्यांकडे तो मागायला हवा.

दुखणे आहे ते ‘प्रत्येक प्रकल्पाची वेगळी केबल, वेगळे उपकेंद्र’ या पद्धतीत. ब्रिटनच्या वीजजाळ्याचे संचालन करणाऱ्या संस्थेनेच डिसेंबर २०२०मध्ये हिशेब मांडला : २०२५पासून समुद्रातच सामायिक जोडणी केली, तर २०५०पर्यंत सुमारे ६ अब्ज पौंड वाचतील आणि केबली, किनाऱ्यावरच्या जोडण्या वगैरे नवी बांधकामे निम्म्यावर येतील. २०३०पर्यंत थांबलात, तर बचतही निम्मी. म्हणजे गावकरी जी सामायिक जोडणी मागत होते ती स्वस्तही होती. तरीही मार्च २०२२मध्ये सफोकमधल्या चिमुकल्या फ्रिस्टन गावालगत दोन प्रकल्पांची दोन आणि राष्ट्रीय ग्रिडचे एक, अशा तीन उपकेंद्रांना मंजुरी मिळाली. उलट शेरिंगहॅम शोल आणि डजन यांच्या विस्तार प्रकल्पांनी केबलचा मार्ग एकत्र आखला आणि २०२४मध्ये त्यांनाही परवानगी मिळाली. दोन प्रकल्पांना एका वाटेने येता येते, तर समुद्रातल्या पुढच्या प्रत्येक पट्ट्याचा लिलाव करण्याआधीच सामायिक जोडणीचा आराखडा सरकारने बंधनकारक करावा.