भाव वयाचा की हाताचा?

जुने ते महाग, ही समजूत अमेरिकेतल्या रिव्हॉल्वरच्या बाजारात टिकत नाही. स्मिथ अँड वेसनचे ‘मॉडेल १०’ हे घराणे १८९९पासूनचे. साठ लाखांहून अधिक नग निघाले आणि पिढ्यान्‌पिढ्या पोलिसांच्या कमरेला राहिले. तेही जुने, तेही भरवशाचे. पण पोलीस खात्यांनी विकून टाकलेले साधे नग तुलनेने स्वस्तातच मिळत आले. उलट १९५५मध्ये १२५ डॉलरला आलेले ‘कोल्ट पायथन’ चांगल्या स्थितीत असेल, तर नव्या पायथनपेक्षा महाग जाते. हा फरक वयाचा नाही, श्रमाचा आहे. जुन्या पायथनचे आतले भाग कारागीर कानशीने घासून एकमेकांना जुळवत. घोडा मागे गेला की गोळीचा कप्पा नळीच्या रेषेत नेमका थांबे, तो त्या हाताच्या जोरावर. पोलाद इतके घोटले जाई की त्यावरची गडद निळी झिलई आरशासारखी दिसे. हे काम खर्चीक होते, ते येणारे हात कमी होत गेले आणि २०००नंतरच्या दशकात उत्पादन थांबले.

यावर महागाईचा आक्षेप रास्त आहे. १९५५चे १२५ डॉलर २०२०मध्ये सुमारे १,२०० डॉलर होतात, म्हणजे वाढीचा मोठा भाग नुसत्या आकड्यांचा. रिव्हॉल्वरला गुंतवणूक म्हणवणाऱ्यांनी हा हिशेब आधी सांगायला हवा. दुसरा आक्षेप असा की भाव टंचाईने चढला, त्यात २०१०पासूनच्या ‘द वॉकिंग डेड’ या दूरचित्रवाणी मालिकेत पायथन झळकल्याने भर पडली. तसे असेलही. पण सारा भाव टंचाईचाच असता, तर २०२०मध्ये कोल्टने १,४९९ डॉलरला नवे पायथन आणताच जुन्याचा भाव तिथवर उतरला असता. नवे तर आतून सुटसुटीत आणि अधिक मजबूत आहे. रोज नेमबाजी करणाऱ्याने तेच घ्यावे, असे मी म्हणेन. तरीही चांगले जुने नग वरच राहिले, कारण ते हातकाम नव्यात नाही.

निव्वळ टंचाईचा भाव पाहायचा तर आपल्याकडे पाहावा. १९८०च्या दशकात सामान्य परवानाधारकांसाठी परदेशी शस्त्रांची आयात बंद झाली आणि जुनी वेब्ली अँड स्कॉट रिव्हॉल्वर लाखांच्या घरात गेली. त्या भावात कारागिरीपेक्षा बंद दाराचा वाटा मोठा होता. २०२०पासून त्याच नावाचे .३२ बोअरचे रिव्हॉल्वर उत्तर प्रदेशात हरदोईला बनू लागले आहे, त्यामुळे इथल्या जुन्या वेब्लीच्या भावाचा आधार पायथनइतका पक्का मला वाटत नाही.