गाडीच्या छताचें अस्तर

जुन्या मोटारीच्या छताचें अस्तर फाटलें म्हणजे घरांत दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, गाडी विकून टाका. दुसरा सुईदोरा शोधूं लागतो. आमच्या घरीं प्रीमियर पद्मिनीवरून असाच वाद माजला. कुर्ल्याच्या कारखान्यांतून निघणारी ही गाडी एके काळीं मध्यमवर्गाचें भूषण होती; मुंबईंतील या जातीच्या टॅक्सीही २०२३ च्या ऑक्टोबरांत निवृत्त झाल्या. खासगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची. पुढें दर ५ वर्षांनीं तपासणी करवून ती वाढवून घ्यावी लागते. ती तपासणी जवळ आली होती, आणि थोरले काका अस्तरास कोणास हात लावूं देईनात. मागील बाजूची उसवलेली शिवण काकूंनीं स्वतः टाके घालून जोडली होती, आणि काकू आतां नाहींत.

अखेर गाडी उल्हासनगरास कॅम्प ५ मध्यें नेली. दुसऱ्या महायुद्धांतील लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांस आसरा मिळाला, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजीं राजगोपालाचारींच्या हस्तें पायाभरणी होऊन वसाहतीस उल्हासनगर हें नांव मिळालें. कॅम्पांचे आंकडे मात्र पत्त्यांत टिकून राहिले. कॅम्प ५ चें नांव जीन्सच्या शिवणकामामुळें दूरवर गेलें आहे. जाड कापड शिवणाऱ्या हातांची तेथें वाण नाहीं.

गादीकाम करणाऱ्या कारागिरानें फाटक्या जागेंतून बोटें घालून वरचा पत्रा चांचपला. बोटें तांबडी होऊन बाहेर आलीं. “काका, कापडाचं नंतर बघू. आधी पाणी कुठून येतंय ते बघा.”

पुढील कांचेचें रबर वाळून ताठ झालें होतें व दर पावसाळ्यांत पाणी तेथून आंत झिरपत होतें. अस्तर फाटलें नव्हतें, कुजलें होतें. मागें एका दुकानांत यावर डिंकानें ठिगळ लावून दिलें होतें. त्याखालीं गंज सुखेनैव वाढत होता! त्या दुकानदारास बोल लावण्यापूर्वीं, ठिगळच मागणारे आम्ही होतों हें कबूल केलें पाहिजे.

अलीकडील गाड्यांत साच्यांतून काढलेल्या पाट्यावर स्पंज लावलेलें कापड चिकटविलेलें असतें. उष्णतेनें व दमटपणानें त्या स्पंजाचा भुगा होतो आणि कापड लोंबूं लागतें. जुना भुगा ब्रशानें पुरता झाडल्यावांचून नवा डिंक तेथें धरत नाहीं. पद्मिनीसारख्या जुन्या गाडींत प्रकार निराळा. तेथें पोलादी तारांच्या कमानी आडव्या बसविलेल्या असतात. अस्तराच्या पाठीस शिवलेल्या नळ्यांतून त्या ओंवल्या जातात आणि कडा कांचांच्या रबराखालीं खोंचतात. प्रत्येक कमानीचा बांक व लांबी वेगळी, म्हणून काढतांनाच त्यांवर आंकडे घालावे लागतात. हें विसरलें तर नव्या अस्तरास सुरकुत्या ठरलेल्याच.

नवें अस्तर बेतण्यास जुन्याचे पट्टे उसवून नमुना घ्यावा लागतो. येथें काका अडले. कारागीर थोडा वेळ त्या टाक्यांकडे पाहत राहिला आणि ती एक शिवण त्यानें तशीच राखली. ते दोन पट्टे जोडलेलेच ठेवून त्यानें मापें घेतलीं.

पत्रा घासून गंजरोधक रंग दिला, रबर नवें घातलें, मग रेक्झिन चढविलें. तें आधीं उन्हांत पसरून ठेविलें होतें. तापलें म्हणजे चांगलें ताणतें. मधली कमान प्रथम, मग पुढेंमागें, बाजू सर्वांत शेवटीं. या कामास चार दिवस लागले आणि आमच्या अंदाजाहून पैसेही बरेच अधिक पडले. त्यांत रबर व गंज यांचा वाटा कापडाहून मोठा होता.

जोडलेले पट्टे घडी करून गाडीच्या खणांत ठेविले आहेत. पहिला पाऊस रात्रीं आला, तेव्हां काका विजेरी घेऊन गाडींत जाऊन बसले. अर्ध्या तासानें परत येऊन त्यांनीं छत्री मिटली व एवढेंच सांगितलें, “कोरडं आहे.”