मुलाखत घेणारे दूरगावी असतील तर

सांगलीतील एका हळदव्यापाऱ्याच्या कन्येने अमेरिकेतील एका विद्यापीठाकडे प्रवेशासाठी अर्ज केला. जानेवारीत तिला एक ईमेल आला. त्या विद्यापीठाच्या एक माजी विद्यार्थिनी मुंबईत राहतात; शनिवारी दुपारी वांद्र्यातील एका कॅफेत भेटता येईल का, अशी विचारणा त्यात होती. सोमवारपासून तिची बारावीची सराव परीक्षा होती. वडिलांनी रात्रीच्या बसची तिकिटे पाहण्यास सांगितले आणि भेट म्हणून राजापुरी हळदीचा डबाही काढून ठेवला. सौदा मोठा असला की मालकाने स्वतः जावे, हा पेढीचा शिरस्ता. दोन दिवस घरात तिकिटांचीच चर्चा झाली. ईमेलला उत्तर मात्र कोणीच दिले नाही.

खरी चूक ती होती. हार्वर्ड, प्रिन्स्टन, एमआयटी यांसारख्या संस्थांसाठी अशा मुलाखती बहुधा माजी विद्यार्थी घेतात. ते पगारी अधिकारी नव्हेत. आपला वेळ विनामूल्य देणारे स्वयंसेवक होत. अर्जदाराचे गुण वा निबंध सामान्यतः त्यांच्यासमोर नसतात. संभाषणानंतर ते एक अहवाल पाठवितात आणि निर्णय विद्यापीठातील प्रवेश समिती घेते. (ऑक्सफर्डची पद्धत निराळी, तेथे डिसेंबरात विषयाचे अध्यापकच ऑनलाइन मुलाखत घेतात.) अशा व्यक्तीला अंतर आणि परीक्षा सांगून व्हिडिओ कॉलची विनंती केल्यास त्यात उद्धटपणा नाही, आणि त्यावरून कोणी अर्जदाराला कमी लेखत नाही. हळदीचा डबा मात्र त्यांना संकोचात टाकतो. उलट मुलाखतीसाठी कोणी पैसे मागितले, तर तो ईमेल खरा आहे का, याची विद्यापीठाकडे चौकशी करावी.

उत्तर अखेर कन्येनेच लिहिले, आणि तेच योग्य. वडिलांनी वा सल्लागाराने लिहिलेले पत्र वाचताक्षणी ओळखू येते. सांगलीहून मुंबई म्हणजे रात्रभराचा प्रवास, सोमवारी परीक्षा, म्हणून व्हिडिओ कॉल चालेल का, इतकेच तिने विचारले. मुंबईहून तासाभरात होकार आला आणि सायंकाळी सहाची वेळ सुचविली गेली. घरी चौविहार असल्याने त्या वेळी भोजन असते, साडेसात चालतील का, असे तिने कळविले. त्यासाठी क्षमायाचनेची चार वाक्ये लिहिण्याचे कारण नव्हते. तिने ती लिहिलीही नाहीत.

मुलाखत घेणारी व्यक्ती अमेरिकेतच असेल, तर घड्याळाकडे अधिक लक्ष हवे. हिवाळ्यात बॉस्टन आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असते. तेथील शनिवारी रात्रीचे आठ म्हणजे येथील रविवारी पहाटेचे साडेसहा. शिवाय नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तेथील घड्याळे एक तास मागे जातात. त्यापूर्वी हे अंतर साडेनऊ तासांचे असते. लवकरच्या फेरीत अर्ज करणाऱ्यांच्या मुलाखती नेमक्या याच सुमारास येतात. म्हणून उत्तरात दोन्हीकडची वेळ, वार आणि तारीख लिहावी.

शनिवारी वडिलांनी पेढीमागची खोली मोकळी करून दिली. दिवा समोर ठेवला, पर्यायी इंटरनेटसाठी दुसरा मोबाईल तयार ठेवला, आपला फोन नंबर आधीच कळविला. मग सर्वांनी बाहेर जायचे होते. हे सर्वांत कठीण गेले. आई दाराशी उभी राहिली होती.

सल्लागाराने समाजसेवेवरचे उत्तर पाठ करून घेतले होते. पडद्यावर उघडलेला कागद वाचताना डोळे कोणत्या बाजूला सरकतात, हे समोरच्याला दिसते; म्हणून तिने तो बंद केला. दुकानात तू काय करतेस, असा प्रश्न आला. दिवाळीत तिने शेतकऱ्यांची खाती आजोबांच्या वहीतून संगणकावर घेतली होती. बाकीत १,३४० रुपयांचा फरक निघाला. वहीच चुकली असणार, असे ती सर्वांना सांगत राहिली. तीन दिवसांनी चूक सापडली, ती तिचीच. एका शेतकऱ्याची उचल तिने दोनदा चढविली होती. आजोबांना ते कसे सांगितले, हेही मुंबईच्या बाईंनी विचारले. या एका विषयावर वीस मिनिटे गेली. समाजसेवेचा प्रश्न आलाच नाही.

त्याच रात्री तिने आभाराच्या चार ओळी पाठविल्या. निकाल मार्चअखेरीस अपेक्षित आहे. हळदीचा डबा फडताळातच आहे. प्रवेश मिळाला की तो पाठवावा असे वडील म्हणतात, आणि कन्या त्यालाही तयार नाही.